सतरावा नियम

जो माणूस भाव करत नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. मेलबर्नजवळ डँडेनॉन्गला माझं किराणा दुकान आहे आणि माझा जन्म बार्शीच्या बाजारपेठेतला. गिऱ्हाईक तूरडाळीचं पाकीट हातात घेऊन तोंड वाकडं करतं, "पलीकडे डॉलरने स्वस्त आहे" म्हणतं, तेव्हा मला बरं वाटतं. त्याला काय हवंय ते मला कळतं, मला काय हवंय ते त्याला कळतं, आणि दोघंही मोकळे होतो. इनास तुस्कानो सरांनी माझ्याकडे कधीच भाव केला नाही. सुक्या बोंबलांचं पाकीट उचलायचे, नाकाशी धरायचे, किंमत विचारायचे. पटली तर पैसे ठेवायचे. नाही पटली तर पाकीट होतं तिथे, लेबल समोर करून, नीट ठेवायचे आणि निघायचे. मी मागून हाक मारायचो, "सर, थांबा, तुमच्यासाठी कमी करतो."

ते दारातूनच म्हणायचे, "मग आधी जास्त का सांगितलीस?"

मी बायकोला, सुनंदाला, म्हटलं, "या माणसाच्या पोटात काहीतरी आहे." सुनंदा म्हणाली, "असेल. बोंबील असतील."

सर वसईचे. मुंबईच्या एका लॉ कॉलेजात आयुष्यभर रोमन कायदा शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं. मुलगा इंजिनियर, सून नर्स, दोघं शिफ्टला गेली की सर एकटे. माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर. उंच, वाकलेले, कानाच्या मागे पेन्सिल. सुताराच्या कानामागे असते तशी. टपालाने आलेली पाकिटं फाडून, आतली कोरी बाजू बाहेर करून, त्याच्या चिठ्ठ्या कापायचे आणि शर्टाच्या खिशात ठेवायचे. कुणी काही सांगितलं की चिठ्ठी काढून लिहायचे, आणि लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. "लेखी आहे का?" आणि "नसेल तर कुणी पाहिलं?" लग्नाची गोष्ट असो की गुडघेदुखीची, हे दोन प्रश्न ठरलेले. मला ती चिठ्ठी बघितली की घाम फुटायचा. इन्स्पेक्टर लोकांच्या हातात पॅड असतं, तसं वाटायचं.

आणि बोलता बोलता सर जस्टिनियनवर यायचे. जस्टिनियन म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा रोमन सम्राट. त्याची गादी कॉन्स्टॅन्टिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. सर त्याच्याबद्दल असं बोलायचे, जणू तो वसईत त्यांच्या पलीकडच्या आळीत राहत होता. "आमचा जस्टिनियन," म्हणायचे. "रात्र रात्र झोपायचा नाही. दरबारी लोक हैराण." एकदा मला म्हणाले, "तुझ्यासारखाच बघ. खेड्यातला पोरगा. काकाच्या ओळखीने शहरात शिरला आणि काकाच्या मागून गादीवर बसला."

मी म्हटलं, "सर, मला काका नव्हता. मी टॅक्सी चालवली."

"म्हणून तू सम्राट नाहीस, दुकानदार आहेस," सर म्हणाले आणि शंभर ग्रॅम कोकम घेऊन गेले.

कोविडचा पहिला लॉकडाउन आला तेव्हा लोक पिठावर तुटून पडले. रांग फुटपाथवरून कोपऱ्यापर्यंत. माझा माल बंदरात अडकला, होलसेलवाल्याने भाव चढवला, मीही चढवला. सर मास्क लावून रांगेत उभे राहिले, एक पिशवी आटा घेतला, किंमत बघितली, पैसे ठेवले. मग म्हणाले, "जस्टिनियनच्या राज्यात प्लेग आला होता. त्याला स्वतःलाही झाला, वाचला. पण माणसं इतकी मेली की जे उरले त्या कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी दर दुप्पट तिप्पट केले. त्याने फर्मान काढलं. जुन्या दरावर या."

मागे रांगेत माणसं उभी. सगळे ऐकत होते. माझं डोकं फिरलं. "तुमच्या राजाला कंटेनरचं भाडं माहीत होतं का? त्याला म्हणावं, ये इथे आणि गल्ल्यावर बस!"

"नाही आले," सर शांतपणे म्हणाले.

"कोण?"

"व्यापारी. जुन्या दरावर. बहुतेक नाहीच आले. त्याचे पुष्कळ कायदे असेच होते." आणि आट्याची पिशवी खांद्यावर टाकून गेले. म्हणजे माझ्या बाजूने बोलले की माझी अब्रू काढली, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आता मानाचं सांगतो. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या मराठी मंडळाचा गणपती फायबरचा, पेणहून आलेला. अठरा वर्षांपूर्वी तो बोटीने मेलबर्नच्या बंदरात आला आणि अडकला. कारण पेटीत त्याच्या भोवती भाताचा पेंढा भरला होता, आणि या देशात बाहेरचा पेंढा येऊ देत नाहीत. मंडळातले बाकीचे सगळे ऑफिसात जाणारे, आयटीतले. कुणाला रजा नाही, कुणाला मॅनेजरची भीती. मी टॅक्सी बंद ठेवली आणि तीन दिवस बंदरावर जाऊन बसलो. माझं इंग्रजी तेव्हा कसं होतं ते मलाच ठाऊक. अधिकाऱ्याशी भांडलो, हसलो, हात जोडले. शेवटी त्यांच्यासमोर पेटी उघडली, काडी न् काडी त्यांच्या पिशवीत भरून दिली, आणि गणपती माझ्या अंगावरच्या जाकिटात आणि सुनंदाच्या दोन गोधड्यांत गुंडाळून आणला. त्या वर्षी कमिटीने ठराव केला आणि पहिल्या आरतीचा मान मला दिला. तेव्हापासून दर वर्षी पहिली आरती आमच्या घराची. मूर्तीही वर्षभर माझ्याच दुकानामागच्या शेडमध्ये, पडद्यात गुंडाळून.

मी आयुष्यात जे काही मिळवलं ते घासाघीस करून मिळवलं. दुकानाचं लीज, गाडी, पोरीच्या शाळेतली जागा, सगळं. हा एकच मान असा की मी मागितला नव्हता. दहावी पास माणसाला एमटेक लोकांनी उभं राहून पुढे केलं होतं.

लॉकडाउनच्या आधी सहा महिने समीर सेक्रेटरी झाला. पुण्याचा, हुशार, गोड बोलणारा. त्याने काढलं की मंडळाचे वीस वर्षांचे ठराव एकमेकांत मिसळलेत. कुठे वर्गणी माफ, कुठे दुप्पट, कुठे पाहुण्याला मत आहे, कुठे नाही. एकच नियमावली हवी. आणि बोलता बोलता म्हणाला, "मोहनदादा, पहिल्या आरतीचंही काहीतरी फेअर करू या ना. दर वर्षी चिठ्ठी काढू. नवीन फॅमिलीजना पण वाटतं."

मी म्हटलं, "तुझ्या नवीन फॅमिलीजनी पेंढा काढला होता का?"

"दादा, तसं नाही..."

"मग कसं?"

त्यावर नियमावली कोणी लिहायची हा प्रश्न आला, आणि सगळ्यांनी तुस्कानो सरांचं नाव घेतलं. मी त्याच दिवशी ओळखलं, हा समीरचा डाव. मी थेट सरांना फोन लावला. "सर, राग मानू नका, पण तुम्ही चर्चला जाणारे. तुमचा आरतीशी संबंध काय?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "म्हणूनच मला नेमलंय. आमच्या गावच्या सणाला मिरवणुकीत छत्र कोणी धरायचं यावरून दोन आळ्या वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या. तिथे मला कोणी नेमणार नाही. तिथे माझी आळी आहे."

उत्तर बरोबर होतं. त्यामुळे संशय आणखी वाढला.

इथल्या हिवाळ्यात, गणपतीच्या आधी, दुसरा लॉकडाउन लागला. घरापासून पाच किलोमीटर आणि व्यायामाला एक तास, एवढीच मोकळीक. माझा तासाभराचा व्यायाम म्हणजे सरांच्या घरामागच्या गल्लीतून चालणं. लाकडी कुंपणाला एक फळी तुटलेली होती, तिथून परसात दिसायचं. पहिल्या दिवशी जे दिसलं ते बघून मी थबकलोच. इथे प्रत्येक परसात कपडे वाळवायला छत्रीसारखी गोल फिरणारी दांडी असते. सरांच्या दांडीवर एकही कपडा नव्हता. तारांवर चिमट्यांनी चिठ्ठ्या लावल्या होत्या, शेदीडशे तरी. खाली स्टुलावर सर, अंगात दोन स्वेटर, हातात पेन्सिल. एक चिठ्ठी वाचायचे, हाताने दांडी गोल फिरवायचे, समोरची चिठ्ठी वाचायचे. दोन्ही एकमेकांविरुद्ध असल्या की एक काढून खिशात. वारा आला की सगळे ठराव फडफडायचे आणि सर दांडी धरून उभे राहायचे.

मी डोळे बारीक करून "आरती" शब्द शोधत होतो.

"मोहन," सर मान न वळवता म्हणाले, "कुंपणावरून वाचतोयस तर मोठ्याने वाच. माझा चष्मा आत राहिलाय."

मी तिथल्या तिथे ओशाळलो आणि त्याचाच राग आला. "माझी चिठ्ठी कुठाय, सर?"

"तुझी चिठ्ठीच नाही. कोणाकडे त्या ठरावाचा कागद नाही. पहिलं रजिस्टर सापडत नाही म्हणतात."

पहिलं रजिस्टर माझ्याकडे होतं. आमचे पहिले सेक्रेटरी कॅनडाला गेले तेव्हा लेझीम, पडदे, समया आणि ते हिरव्या बांधणीचं लांबडं रजिस्टर, सगळं माझ्या शेडमध्ये टाकून गेले. त्यात माझं नाव कोणत्या पानावर आहे तेही मला माहीत होतं. मिळालं त्या दिवशी ते पान मी पाहिलं होतं. पानाच्या वरच्या ओळीलाच, शाईच्या पेनने, 'श्री. मोहन खराडे यांस पहिल्या आरतीचा मान देण्यात यावा'. बघून माझे डोळे भरले होते आणि मी रजिस्टर मिटलं होतं.

पण हुकमाचं पान कोणी आधी टाकतं का? मी म्हटलं, "सापडत नाही असं नाही. सापडेल. पण आधी तुम्ही मला लिहून द्या की मान कायम राहील. मग रजिस्टर देतो."

सर उठून कुंपणाशी आले. मास्कच्या वर फक्त डोळे. "उलटं मागतोयस. मी कागद बघून लिहितो. लिहून कागद बघत नाही."

"मग अडलं तुमचं."

"माझं काही अडत नाही. हे बघ, जस्टिनियनच्या पंडितांनी दोन हजार पुस्तकं वाचली आणि त्याची पन्नास केली. तीन वर्षांत. आणि सम्राटाने सांगितलं, यात जे आलं नाही ते आता कायदा नाही. कितीही जुनं असो. आपली नियमावलीही तशीच होणार. जे आत नाही ते संपलं." मग आवाज खाली करून म्हणाले, "कागद नसला तरी चालेल. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत इतकी वर्षं करतोयस, कुणी हरकत घेतली नाही. रूढी म्हणून धरता येतं. तीन जुन्या सभासदांना सांग, मला फोन करा आणि एवढंच सांगा. मी लिहितो."

"म्हणजे मी लोकांपुढे हात पसरू? माझ्याकडे लेखी असताना?"

"वाचलंयस का ते?"

"पाठ आहे मला!"

"वाचलंयस का, विचारलं," सर म्हणाले, आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

मी ठरवलं, सोडायचं नाही. म्हातारा नरमेल. भाव पाडायचा असेल तर दुकानातून बाहेर पडायची तयारी हवी, हे मी गल्ल्यावर शिकलोय. आठवडा गेला, दोन गेले. सरांनी फोन केला नाही. तो काय भाव करणारा माणूस होता?

सभा झूमवर झाली. सरांचा कॅमेरा नेहमी चुकलेला असायचा. चौकोनात फक्त कपाळ, पांढरे केस आणि मागे भिंतीवरचा क्रूस. समीरने नियमावली वाचली. सगळी मिळून चाळीस कलमं. सोळावा नियम सभागृहाच्या भाड्याचा. मग समीर थांबला. "सतरावा नियम... सर, इथे नुसतं 'राखीव' लिहिलंय?"

"हो," कपाळ म्हणालं. "एकाकडून काहीतरी यायचंय."

कुणीतरी हसलं. मी ताडकन माझा माइक चालू करून बोलायला लागलो. मंडळ मी उभं केलं, तुम्ही कोण, हा काय कट आहे, सगळं बोललो. माझी पोरगी ईशा मागून म्हणाली, "बाबा, यू आर ऑन म्यूट." बटण सापडेपर्यंत हात वर झाले होते आणि नियमावली मंजूर झाली होती.

सतरावा, म्हणजे पहिल्या आरतीचा, भरेपर्यंत कमिटीने ठरवायचं, आणि कमिटीने चिठ्ठी काढली. त्या वर्षीची पहिली आरती वेरिबीच्या एका नव्या जोडप्याला मिळाली. पाच किलोमीटरच्या बाहेर, त्यामुळे ते त्यांच्या घरून गाणार, आणि मूर्ती माझ्या शेडमध्ये. म्हणजे मी तांदळाच्या पोत्यांमध्ये उभा राहून फोन गणपतीसमोर धरायचा आणि आरती त्यांनी करायची. त्यांच्यामागे संगणकावरचं खोटं देऊळ होतं. नवरा हलला की त्याचे कान देवळात जायचे. माझा हात दुखायला लागला. सुनंदा ताट घेऊन शेजारी उभी होती, निरांजन लावलेलं, आणि ओवाळावं की नाही ते तिला कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. मी फोनकडे बघत होतो. आरती संपल्यावर तिने निरांजन तसंच खाली ठेवलं. त्या निरांजनाचं मी सरांना कधी माफ करणार नव्हतो.

त्यानंतर वर्षभर मी काय केलं ते लपवत नाही. गल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येकाला मी सरांबद्दल काहीतरी सांगितलं. समीरने त्यांच्या मुलाचं काहीतरी काम करून दिलं म्हणे. कॉलेजातून त्यांना काढलं होतं म्हणे. ते आमचं सगळं लिहून ठेवतात, त्याचं काय करणार आहेत देव जाणे. कशाला काही आधार नव्हता. आणि सर दुकानात आले की मी "या सर, या सर" करून बोंबील दाखवायचो.

एकदा पाकीट हुंगत सर म्हणाले, "जस्टिनियनच्या पदरी एक इतिहासकार होता. सम्राटाने देवळं बांधली, पूल बांधले, त्याची वाहवा करणारा ग्रंथ त्याने लिहिला. आणि घरी बसून चोरून दुसरा लिहिला. त्यात सम्राट म्हणजे माणसाच्या रूपातला सैतान. डोकं नसलेलं धड राजवाड्यात फिरतं म्हणे."

"मग? पकडला का त्याला?"

"नाही. सम्राट गेला, इतिहासकारही गेला. दुसरा ग्रंथ शेकडो वर्षांनी सापडला." त्यांनी पाकीट लेबल समोर करून ठेवलं. "हे वसईचे नाहीत. तुझ्या दुकानात माझं धडच फिरतंय ना आता?"

कोणी सांगितलं असेल, याची मी रात्रभर यादी केली. सरांना वाईट वाटलं असेल का, हा प्रश्न त्या यादीत नव्हता.

पुढच्या वर्षीही गणपती लॉकडाउनमध्येच आला. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा मी फोन धरून उभा. सतरावा नियम तसाच. मग लस आली, दोन्ही डोस झाले, सीमा उघडल्या, आणि कळलं की सर वसईला परत चाललेत, कायमचे. मुलगा नको म्हणत होता. सर म्हणाले म्हणे, मला माझ्या विहिरीचं पाणी प्यायचंय.

निघायच्या आदल्या सकाळी ते दुकानात आले. काही घेतलं नाही. म्हणाले, "मोहन, ते रजिस्टर मला वाचायला दे. नियमावलीसाठी नाही. ते काम संपलं. मला ते वाचायचं राहिलंय म्हणून."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. चिठ्ठी नव्हती, पेन्सिल कानामागे होती. "पेन्सिल इथे ठेवा," मी म्हटलं. त्यांनी पेन्सिल गल्ल्यावर ठेवली.

शेडमध्ये मी पडद्यांखालून रजिस्टर काढलं आणि माझं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. सोडलं नाही, माझ्या हातातच धरलं. "घ्या. वाचा. श्री. मोहन खराडे यांस."

सरांनी वाचलं. मान हलवली. मग एक बोट जिभेला लावून त्यांनी मागचं पान उलटलं. वाक्य तिथे सुरू झालं होतं. मागच्या पानाच्या अगदी तळाच्या ओळीत, त्याच शाईत, 'यंदाच्या उत्सवापुरता, मूर्ती सोडवून आणल्याबद्दल' असं होतं, आणि पान संपलं होतं. पुढचं माझ्या पानावर.

यंदाच्या उत्सवापुरता.

मी पोत्याच्या तळात हात घालून दाणा बघणारा माणूस. वरचा माल बघून मी आयुष्यात काही घेतलं नाही. आणि हे रजिस्टर मी इतकी वर्षं वरूनच बघितलं होतं. दोन वर्षं मी ज्या कागदावर बोली लावून बसलो होतो तो कागदच माझ्याविरुद्ध होता.

मी सरांकडे बघितलं. ते आता हसतील, असं मला वाटलं. हसले असते तर मी त्यांना शेडबाहेर काढलं असतं, म्हातारा बघितला नसता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"मला कसं माहीत असणार? पण जो कागद दाखवत नाही त्याने तो बहुतेक वाचलेला नसतो. तीस वर्षं विद्यार्थी बघितलेत." त्यांनी रजिस्टर माझ्याच हातात मिटलं. "कागदात एका वर्षाचं आहे. बाकीची वर्षं लोकांनी दिलीत. ती कागदापेक्षा मोठी आहेत. आपल्या नियमावलीची गंमत सांगू? जस्टिनियनने हुकूम काढला होता, या कायद्यांवर कोणी टीका-टिप्पणी लिहायची नाही, हे पूर्ण झालं. आणि मग मरेपर्यंत स्वतःच नवे कायदे काढत राहिला. दार लावलं आणि खिडक्या उघडत बसला. सतरावा उघडाच आहे. सभेत उभा राहा आणि माग."

"मोबदल्यात काय देऊ?"

"काही नाही. नुसतं मागायचं."

"आणि हे?" मी रजिस्टर दाखवलं.

"ते तू ठरव. मी पाहिलेलं नाही. माझी पेन्सिल तुझ्या गल्ल्यावर आहे."

त्या दिवशी पिवळ्या झाकणाचे डबे रस्त्यावर होते, कागद न्यायचा वार. सर फुटपाथवरून गेले, कोपऱ्यावर थांबले, मास्क काढून चष्मा पुसत उभे राहिले. मी रजिस्टर घेऊन डब्यापाशी. कचऱ्याचा ट्रक दोन घरं अलीकडे आलेला. मुद्दाम त्याच दिवशी आले होते का? मी टाकतो की ठेवतो ते बघायला थांबले होते का? मी रजिस्टर काखेत मारून आत आलो. कोपऱ्याकडे बघितलं तेव्हा ते गेले होते. पेन्सिल गल्ल्यावर तशीच.

पुढची वार्षिक सभा हॉलमध्ये झाली, अर्धी माणसं समोर, अर्धी अजून भीतीने झूमवर, पडद्यावर चौकोनांत. इतर विषय संपल्यावर मी उभा राहिलो. हातात रजिस्टर. आधी माझं पान वाचलं, मग मागचं. "यंदाच्या उत्सवापुरता" हे दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने. समीरचं तोंड उघडं. मी म्हटलं, "कागद एवढाच आहे. त्यापुढची सगळी वर्षं तुम्ही दिलीत. मला तो मान परत हवाय. माझ्याकडे द्यायला काही नाही. मागतोय."

सुनंदा समोरच्या रांगेत बसली होती. तिने मला काहीतरी मागताना पहिल्यांदाच बघितलं असेल. तिने मान खाली घातली.

मग पडद्यावर, खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनात, एक कपाळ आणि पांढरे केस होते, मागे नारळाची झाडं, आणि त्या चौकोनात खालून एक हात वर आला. बोटांत पेन्सिल. नवी होती, जुनी माझ्याकडे आहे.

समीर ओशाळून म्हणाला, "सर, सॉरी हं... चौथ्या नियमाप्रमाणे देशाबाहेर राहायला गेलेल्या सभासदाला मत नाही. तुम्हीच लिहिलंय." हॉल हसला. सरांनी हात खाली घेतला नाही. त्यानंतर हॉलमधले हात वर होऊ लागले, एकेक, मग बरेच. समीरने मोजले. मी मोजले नाहीत.

सतरावा नियम भरला. तो असा. पहिल्या आरतीचा मान यंदाच्या उत्सवापुरता श्री. मोहन खराडे यांस. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा मागावा. हे शेवटचं वाक्य समीरने घातलं म्हणतो, पण मला त्यात सरांचा वास येतो.

सर त्या पावसाळ्यात वसईलाच वारले, झोपेत. मला त्यांचा तो हातच आठवतो. चौथा नियम त्यांनीच लिहिला होता, त्यांना तो पाठ होता. आपलं मत धरलं जाणार नाही हे माहीत असताना तो माणूस सगळ्यांच्या आधी हात वर का करून बसला, आणि हसले तरी खाली का घेतला नाही? त्याला त्यातून काय मिळणार होतं? मी सगळ्या बाजूंनी बघितलं. अजून काही सापडलेलं नाही.